ज्येष्ठमधाची काडी आणि काळजाची भिंत

माझ्या हृदयाची भिंत जाड झाली ती ज्येष्ठमधाने. हे वाक्य मी इतक्या लोकांना सांगितलं आहे की आता सांगायचाही कंटाळा येतो. ऐकणारा आधी हसतो. मग म्हणतो, "काहून मजाक करून राहिले, भाऊ?" मजाक नाही बाप्पा. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. तुमच्या घरात कोणी घशासाठी रोज काही चघळत असेल आणि त्याचं बीपी कोणत्याच गोळीला दाद देत नसेल, तर त्याला हे वाचायला द्या. बाकीच्यांनी नाही वाचलं तरी माझं काही म्हणणं नाही.

मी अकोल्याच्या धान्य बाजारात हर्रास बोलत होतो. हर्रास म्हणजे लिलाव. शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर रिकामे झाले की टिनाच्या शेडखाली तूर, हरभरा, सोयाबीनच्या ढिगांची रांग लागते. व्यापाऱ्यांचा घोळका मागे घेऊन मी एकेका ढिगापाशी थांबायचो आणि भाव पुकारायचो. एका बाजूला हमालांचा गलका, दुसऱ्या बाजूला माप करणाऱ्यांची मोजणी, नाकातोंडात तुरीची धूळ. या सगळ्याच्या वर आपला आवाज चढवायचा आणि शेवटचा ढीग विकेपर्यंत उतरू द्यायचा नाही. ज्यांनी मला हे काम शिकवलं त्यांनी पहिल्याच दिवशी आवाज पोटातून कसा काढायचा ते दाखवलं आणि हातावर ज्येष्ठमधाची काडी ठेवली. आमच्यातल्या सगळ्यांच्या खिशात ती असते.

दोनेक वर्षांपूर्वी माझा आवाज बसायला लागला तशी काडी वाढली. काडीवर चूर्ण आलं, चूर्णावर काढा आला. सकाळी मंदा, म्हणजे माझी बायको, काढा उकळून द्यायची. दिवसभर गालात काडी, संध्याकाळी मधातून चूर्ण. गोड लागतं, घसा मोकळा होतो, दुकानदार डॉक्टरची चिठ्ठी मागत नाही. त्याला औषध कोण म्हणेल?

पाय गेले

आधी पाय जड व्हायला लागले. ओट्यावर चढताना गुडघ्याला हात लावावा लागे. पोटऱ्यांत गोळे येत, लघवीला सारखं जावं लागे, डोकं ठणके. गल्लीतल्या डॉक्टरांनी बीपी पाहिलं आणि परत एकदा पाहिलं. एक गोळी दिली, मग दुसरी, मग तिसरी. ते दर वेळी विचारायचे, "दुसरं काही औषध चालू आहे का?" मी सांगायचो, काहीच नाही. खरंच सांगायचो.

हरभऱ्याची आवक जोरात होती त्या दिवसांत. एका ढिगापाशी भाव पुकारता पुकारता मी खाली बसलो. बसलो म्हणजे पायच वाकले. एक व्यापारी म्हणाला, "सुधाकरभाऊ, आज ढीग तुमीच घेऊन राहिले का?" सगळे हसले, मीही हसलो. मग उठायला गेलो तर पाय माझे नव्हतेच. हाताने मांडी उचलून पाहिली, सोडली की धप्पकन खाली. तेव्हा कोणी हसलं नाही. हमालांनी मला उचलून ऑटोत घातलं.

रक्ताच्या तपासणीत पोटॅशियम इतकं कमी निघालं की डॉक्टरांनी, "आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात हलवा," म्हटलं. अकोल्यात दवाखाने नाहीत असं नाही. पण माझी मोठी बहीण शोभाताई अमरावतीला, तिच्या ओळखीचे हृदयाचे डॉक्टर तिथे, आणि आमच्याकडे आजारी माणूस ताईच्या शब्दाबाहेर जात नाही. शिवाय माझी पल्लवी तिच्याचकडे राहायची. पल्लवी माझी एकुलती एक मुलगी. अमरावतीला पोलीस भरतीची तयारी करत होती.

दवाखाना

दवाखान्यातला दिवस फिनाईलच्या वासाने सुरू होतो. फरशी पुसणारी मावशी येते, मग बीपीचा पट्टा, मग रक्त काढणारा, मग चहा, मग राउंड. माणूस झोपूनच असतो, तरी दमतो. माझ्या हातातून पोटॅशियमचं सलाइन चालू होतं. शिरेत कोणी मिरचीचं पाणी सोडावं तशी आग व्हायची. सिस्टरला म्हटलं की ती थेंब थोडे हळू करायची, आणि तेवढ्या थेंबाथेंबात मला झोप लागायची. वरून पोटॅशियमचं औषध प्यायला. त्याच्या चवीबद्दल न बोललेलं बरं.

संध्याकाळी पोटॅशियम थोडं वर यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. डॉक्टर कपाळाला आठ्या घालायचे. "जातं कुठे हे?" असं आपसात बोलायचे.

आणि रोज सकाळी मंदा ताईच्या घरून थर्मास घेऊन यायची.

"घसा सुकला असंन तुमचा. घ्या, गरम हाये."

ज्येष्ठमधाचा काढा. दुपारी परत एकदा. एका हातातून डॉक्टर भरायचे आणि दुसऱ्या हातातल्या कपाने आम्ही ते वाहून घालवायचो. आज हे लिहिताना हसावं की रडावं तेच कळत नाही.

ताईचे यजमान, आमचे भाऊजी, नांदगाव पेठेला कापडाच्या मिलमध्ये आहेत. ड्युटी सुटली की थेट माझ्याकडे यायचे, केसांत कापसाची बारीक फुलं अडकलेली असायची. बोलायचे काहीच नाहीत. नारळपाणी फोडून द्यायचे, केळं सोलून हातात ठेवायचे, आणि स्टुलावर बसून माझे तळपाय दाबायचे. मेहुण्याने आपले पाय दाबावेत याची आधी लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांची वाट पाहायला लागलो.

त्या दिवशी

एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. छातीवर गार गार जेली लावतात आणि यंत्र फिरवतात. डॉक्टर तरुण होते, आधी माझ्याशी बाजारभावावर गप्पा मारत होते. मग गप्प झाले. एकाच जागी यंत्र दाबून पुन्हा पुन्हा मोजायला लागले. डॉक्टर बोलता बोलता थांबला की पेशंटला सगळं समजतं.

मंदाला आत बोलावलं.

"काका, तुमच्या हृदयाची भिंत बरीच जाड झाली आहे," ते म्हणाले. "बीपीने होते जाड, पण इतक्या थोड्या काळात इतकी नाही. वडील आहेत का?"

"नाही. अचानक गेले. माझ्याहून लहान होते तेव्हा. लग्नाच्या पंगतीत वाढता वाढता खाली पडले."

"हृदयाचं काही होतं?"

"तेव्हा कोण पाहत होतं, साहेब."

त्यांनी मान हलवली. "काही घराण्यांमध्ये हा दोष रक्तातूनच येतो. बापाकडून मुलाला, मुलाकडून नातवंडाला. तो असेल तर पळण्याधावण्यात जिवाला धोका असतो. मुलं किती?"

"एक पोरगी."

"काय करते?"

मी मंदाकडे पाहिलं. मंदाच म्हणाली, "धावते, साहेब. भरतीची तयारी करून राहिली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सध्या धावू देऊ नका. आधी तिचा एको करू."

माझं काय व्हायचं ते होवो, असं मी त्या क्षणापर्यंत म्हणू शकत होतो. त्यानंतर नाही. त्या खोलीत मला जे भेव वाटलं तसं हरभऱ्याच्या ढिगापाशी पाय गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

पल्लवी

ही पोट्टी लहानपणापासून चालत कुठे गेलीच नाही. दुकानात पाठवली तरी धावत. पदवी झाल्यावर एका भरतीत तिचं थोडक्यात हुकलं होतं. या वेळी तिची वेळ चांगली येत होती. तयारी करून घेणारे तिचे सर म्हणायचे, ग्राउंड तर ही काढतेच. ग्राउंड म्हणजे भरतीतली मैदानी परीक्षा, आणि ती आता तोंडावर आली होती. वय निघून चाललं होतं. यानंतर फार तर एक संधी.

तिचा एको झाला आणि तो धड चांगलाही निघाला नाही आणि वाईटही नाही. डॉक्टर म्हणाले, "भिंत काठावर आहे. रोज धावणाऱ्यांची थोडी जाड असतेच. ही तेवढीच आहे, की वडिलांकडून आलेली आहे, ते आज सांगता येत नाही. काही महिने धावणं पूर्ण बंद ठेवून पुन्हा पाहू. दरम्यान वडिलांचं नेमकं कारण सापडलं तर फार सोपं होईल."

म्हणजे फिरून सगळं माझ्याच छातीवर आलं. माझा दोष रक्तातला असेल तर तिचं धावणं संपलं. दुसरा कसला असेल तर ती सुटली.

ती माझ्या खाटेपाशी उभी राहून म्हणाली, "मी काय बिमार हाये का? मले काईच होत नाई. सकाळीच सात फेऱ्या मारून आली."

"तुह्या आजोबालेबी काई होत नव्हतं," मंदा म्हणाली.

"आई, ग्राउंड हाये माहं!"

"ग्राउंड गेलं खड्ड्यात." मंदाने तिचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "माही शपथ हाये तुले. डॉक्टर हो म्हनल्याबिगर धावली त माहं मेलेलं तोंड पाहशीन."

पल्लवीने हात हिसकून घेतला आणि ती जिना उतरून गेली. बाजूच्या खाटेवरचे म्हातारे गृहस्थ कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपले. आमची लाज राखली त्यांनी.

गाठ निघू दे

हृदयाच्या डॉक्टरांनीच मला हार्मोनच्या डॉक्टर मॅडमकडे पाठवलं. बीपी चढलेलं, पोटॅशियम उतरलेलं आणि हृदय जाड, या तिन्हीच्या मागे कधीकधी एकच हार्मोन असतो म्हणे. मूत्रपिंडाच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्यांतून तो येतो. तो अंगात मीठ धरून ठेवतो, पोटॅशियम बाहेर काढतो, आणि फार झाला तर हृदयाच्या स्नायूलाही भिडतो, त्याला जाड आणि कडक करतो. त्या ग्रंथीत लहानशी गाठ असली की असं होतं. गाठ काढली की माणूस बरा होऊ शकतो.

रिपोर्ट यायला वेळ होता. मला घरी सोडलं होतं, म्हणजे ताईच्या घरी. त्या दिवसांत आमच्या घरात जे चाललं ते बाहेरच्या माणसाला वेडेपणाच वाटला असता. आम्ही सगळे मिळून देवाला गाठ मागत होतो. मंदाने अंबादेवीला नवस बोलला की माझ्या नवऱ्याच्या पोटात गाठ निघू दे. गाठ निघाली तर दोष रक्तातला नाही, पोरगी मोकळी. पल्लवी माझ्याशी नीट बोलत नव्हती, पण एका दुपारी जेवताना ताट खाली ठेवून म्हणाली, "बाबा, गाठच निघू दे म्हणा." मी म्हटलं, "निघन पोरी, निघन." असा आशीर्वाद कोणत्या बापाने दिला असेल!

रिपोर्ट आला त्या दिवशी मी, मंदा आणि ताई मॅडमसमोर बसलो होतो. मॅडम म्हणाल्या, "गाठ नाही. तो हार्मोन तुमच्या रक्तात जवळजवळ नाहीच."

मंदा रडायला लागली. ताईने तिला जवळ घेतलं. मला वाटलं, संपलं. माझ्या बापाचं रक्त माझ्या पोरीला नडलं. बाहेरच्या बाकावरची एक बाई दारातून डोकावून, "धीर धरा बाई," म्हणून गेली. तिला काय ठाऊक, गाठ नाही म्हणून ही रडते आहे.

"अहो, रडू नका, ऐका तर," मॅडम म्हणाल्या. "शरीर असं वागतंय की तो हार्मोन दुथडी भरून वाहतोय. आणि रक्तात तर तो दिसत नाही. मग त्याचं काम करतंय कोण? काका, घशासाठी वगैरे काही घेता का? ज्येष्ठमध?"

मी खिशातून काडी काढून दाखवली. मंदाने डोळे पुसले. काही चांगलं विचारलं म्हणून तिला बरंच वाटलं असावं. मांडीवरचा थर्मास पुढे करत म्हणाली, "हो ना मॅडम. जेष्टमधाचा काढा देतो आमी दोन टाइम. दवाखान्यातबी कधी चुकवला नाई."

मॅडमनी थर्मासचं झाकण उघडलं, वास घेतला, आणि झाकण परत लावलं. मग किती वर्षांपासून, किती काड्या, किती चूर्ण, सगळं विचारून घेतलं. आम्ही सांगत गेलो आणि आमचे आवाज बारीक होत गेले.

त्यांनी समजावलं ते मी माझ्या पद्धतीने सांगतो. आमच्या बाजारात बोली लावायला परवाना लागतो. परवाना नसलेल्याला ढिगापाशी उभं राहू देत नाहीत, त्यासाठी माणूस ठेवलेला असतो. अंगातही तसंच आहे. त्या मीठवाल्या हार्मोनच्या जागी दुसराही एक हार्मोन बसू शकतो, आणि तो अंगात भरपूर असतो. म्हणून मूत्रपिंडात एक राखणदार आहे, तो त्याला आत येऊ देत नाही. ज्येष्ठमध फार झालं की राखणदार झोपी जातो. मग बिनपरवान्याचे सगळे आत शिरतात, बोली चढत जाते, भाव कुठल्या कुठे जातो. बीपी म्हणजे तो भाव. आणि खरा परवानेवाला एवढी गर्दी पाहून घरीच बसतो, म्हणून रक्तात सापडत नाही.

मला एकदम पटलं. ताई मात्र म्हणाली, "अवो मॅडम, जेष्टमधानं कोठी कोनाचं हृदय जाड होते का? आमी लेकराइले देतो."

"थोडं दिल्याने काही होत नाही," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांना होतं असंही नाही. यांचं वर्षानुवर्षं, दिवसभर, आणि तीन तऱ्हांनी चाललंय. आता पूर्ण बंद करा. पोटॅशियम टिकेल, बीपी उतरेल. आणि काही महिन्यांनी भिंत पातळ झाली, तर दोष याचाच."

"आणि नाई झाली तं?" मी विचारलं.

"तेव्हा पाहू," त्या म्हणाल्या.

मंदा

घरी येताच मंदाने थर्मास मोरीत उपडा केला आणि घासत बसली. किती वेळ घासत होती कोण जाणे. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवला.

"मी माह्या हातानं पाजलं तुमाले," एवढंच म्हणायची. मी म्हटलं, काडी तर माझ्याच खिशात होती ना? तुझ्याआधीपासून होती. पण ते तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. डॉक्टर वाचवत होते आणि मी मारत होते, हेच तिचं पालुपद.

ताईचा जीव माझ्यावर फार, आणि जीव असला की तिचं तोंड सुटतं. स्वयंपाकघरातून ऐकू आलं, "दवाखान्यात बसून थेच पाजत राहिली माय! मानसानं इचारावं तरी कोनाले!"

भाऊजी बाहेर पेपर वाचत होते. कधी न बोलणारा माणूस. त्यांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "शोभा, तिच्या हातचा काढा आपनबी पेलो. गोड लागला म्हनून दुसरा कप मांगतला तुनं."

 मग ताईनेच मंदाचं ताट वाढलं आणि समोर बसून तिला जेवायला लावलं. त्या एका वाक्यासाठी मी भाऊजींचा जन्मभर ऋणी आहे.

वाट पाहणं

आम्ही अकोल्याला परत आलो. पल्लवीही बॅग भरून आली. धावायचंच नाही तर अमरावतीला राहून काय करायचं, म्हणाली.

पोटॅशियम टिकलं. बीपीच्या गोळ्या एकेक कमी झाल्या. डॉक्टर खूश. पण मी खूश नव्हतो, मी थकलेला होतो. आजारातून उठलं की ताकद येते असं लोक सांगतात. माझ्या ताकदीने यायला फार वेळ लावला. जिना चढलो की खाटेवर पडावं वाटे. लोक भेटायला यायचे, "चेहऱ्यावर आता रया आली," म्हणायचे, आणि मला त्यांना दारापर्यंत सोडायला जायचाही आळस यायचा. तोंड सारखं काडी मागायचं. लवंग धरून पाहिली, खडीसाखर धरून पाहिली. आवाज मात्र गेला तो गेला. एक दिवस हर्रास बोलायला उभा राहिलो, आणि तिसऱ्या ढिगावर घशातून नुसती हवा यायला लागली. व्यापारी चांगले, कोणी काही बोललं नाही. आता मी वजनकाट्यावर पावत्या फाडतो. तिथे ओरडावं लागत नाही.

हे सगळं मी सोसलं असतं. पल्लवीचं गप्प बसणं सोसवत नव्हतं.

ग्राउंडच्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून तुरीची डाळ निवडत होती. निवडलेलीच डाळ. मैदानावरून मैत्रिणींचे फोन येत होते, कोणाची किती वेळ आली ते सांगायला. ती फोन उचलायची नाही, उपडा करून ठेवायची. मंदा आतल्या खोलीत जाऊन बसली होती. मी जवळ जाऊन, "पोरी," म्हटलं.

"काई नोका बोलू बाबा," ती म्हणाली. वर पाहिलंसुद्धा नाही. "बोललं का तुमाले धाप लागते."

रागाने बोलली असती तर बरं वाटलं असतं.

दुसरा एको

मॅडमनी सांगितलेले महिने भरले तसे आम्ही तिघं एसटीने अमरावतीला निघालो.  मूर्तिजापूरला मंदाने संत्रं सोललं, फोडी हातात तशाच राहिल्या.

आधी पल्लवीचा एको झाला. मग माझा. तेच डॉक्टर, तीच गार जेली. या वेळी त्यांनी बाजारभाव विचारला नाही. मी छताकडे पाहत होतो आणि मनात एकच होतं, पातळ हो, माय, पातळ हो. स्वतःच्या काळजाला कोणी असं विनवलं असेल का!

डॉक्टरांनी जुना रिपोर्ट समोर ठेवला, मोजलं, परत मोजलं. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "काका, उतरली."

"म्हणजे?"

"म्हणजे भिंत पातळ झाली. पूर्ण नाही, अजून वेळ लागेल. पण चांगलीच उतरली. रक्तातला दोष असता तर काडी सोडून अशी उतरली नसती. आणि मुलीचीही उतरली, आता अगदी सर्वसाधारण आहे. ती धावण्यानेच आलेली होती. हळूहळू सुरू करू दे. वर्षातून एकदा दाखवून जा."

मंदाने खाली वाकून डॉक्टरांचे पाय धरायचा प्रयत्न केला, ते बिचारे खुर्चीतच आक्रसले. मी टॉवेलने छातीवरची जेली पुसत राहिलो. माझे वडील पंगतीत का पडले हे आता कधीच कळणार नाही. पण ते जे काही होतं, ते बहुधा त्यांच्याबरोबर गेलं.

 पल्लवी दवाखान्याच्या पायरीवर थांबली आणि म्हणाली, "आता सांगून राहिले. भरती झाल्यावर." आणि तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, ओक्साबोक्शी रडली. त्या शपथेपासूनचं सगळं. मंदा तिच्याजवळ गेली तर तिने ढकललं नाही. मंदा म्हणाली, "शपथ सुटली तुही. सुटली बरं माय."

मैदान

चार लोकांचं अनुभवकथन वाचलं तर शेवटी लिहिलेलं असतं की आजाराने मला खूप काही शिकवलं. मला फार काही शिकवलं नाही. दमवलं तेवढं. डॉक्टरने "काय खाता" विचारलं तर तोंडात जाणारं सगळं सांगा, गोड लागणारंही सांगा. आणि घरच्या ज्या हातांनी ते दिलं त्या हातांना बोल लावू नका. एवढं सोडून माझ्याकडे सांगण्यासारखं नाही.

पण त्याच आठवड्यातल्या एका संध्याकाळचं सांगतो. पल्लवी आमच्या घरामागच्या शाळेच्या मैदानावर गेली. ती नको म्हणत असताना मीही गेलो आणि कडेला बसलो. ती धावायला लागली. पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत, मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला, ती एकदम थांबली. वाकली. एक हात गुडघ्यावर आणि एक हात छातीवर.

 पंगतीत पडलेला माझा बाप मला तिथे दिसला. डॉक्टर, रिपोर्ट, उतरलेली भिंत, सगळं विसरलो. मी उठलो आणि जमेल तसा धावत सुटलो. हाक मारायला गेलो, आवाज निघेना.

मी पोहोचलो तेव्हा ती सरळ उभी राहून माझ्याकडेच पाहत होती.

"काय झालं बाबा?"

"छातीत... दुखून राहिलं का?"

"धाप लागली. सवय मोडली ना इतक्या महिन्यांत. धावलं का लागतेच धाप." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "अवो, तुमालेच लागली! बसा आधी. खाली बसा."

तिने मला धरून मातीत बसवलं, ओढणीने माझं तोंड पुसलं आणि माझं मनगट धरून उकिडवी बसली. दोघंही धापा टाकत होतो. हळूहळू तिची धाप उतरली. माझी उतरायची होती.

मग तिने विचारलं, "जाऊ?"

ही पोरगी जन्मात कधी विचारून धावली नव्हती. मला म्हणायचं होतं, आज राहू दे, उद्या जा, परवा जा, घरी चल. भेव गेलं नव्हतं. रिपोर्टने जात नाही ते.

"जाय," मी म्हटलं.

तिने माझं मनगट सोडलं आणि ती गेली.